रक्षाविसर्जनातली भाषणं पुरे

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी वर्तमानपत्रांत निधनवार्तेचा शेवट ठरलेला असतो. पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे. रक्षाविसर्जन अमुक दिवशी सकाळी आठ वाजता. ती ओळ वाचून माणसं येतात. ज्यांना मातीला पोचता आलं नाही ती तिसऱ्या दिवशी तरी पोचतात. राख गोळा होते, अस्थी वेगळ्या काढल्या जातात, दूध-पाणी शिंपडलं जातं, नैवेद्य मांडून सगळे कावळ्याची वाट बघतात. इथवर सगळं ठीक. मग कुणीतरी पुढे येऊन घसा खाकरतो आणि भाषणं सुरू होतात.

आधी पंच, मग सोसायटीचे चेअरमन, मग युवक मंडळाचा अध्यक्ष, मग पुढच्या निवडणुकीला उभं राहायचं ज्याच्या मनात आहे तो. प्रत्येकाची सुरुवात ‘कधीही भरून न येणारी हानी’ अशी आणि शेवट ‘ईश्वर मृतात्म्यास शांती देवो’ असा. मधल्या भागात वक्त्याचे आणि मयताचे संबंध किती जवळचे होते ते येतं. खांद्यावर ओला टॉवेल टाकलेला मुलगा तीन दिवस नीट जेवलेला-झोपलेला नसतो. तो उन्हात अर्धा-पाऊण तास उभा राहतो. जिला सगळ्यांत जास्त आधाराची गरज ती बाई बऱ्याच गावांत घरी तरी असते, नाहीतर फाटकापाशी मागे बायकांच्या घोळक्यात. भाषण तिच्या कानांपर्यंत पोचतच नाही. याला आपण सांत्वन म्हणतो.

ही पद्धत गावांनी ठरवून बंद करावी. एवढी माणसं, एवढा वेळ आणि एवढी इच्छा पहिल्या तीन दिवसांत खर्चून टाकण्यापेक्षा ती वर्षभरात वाटून द्यावी.

भाषणांच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे, ते टाळू नये. जन्मभर ऊस आणि भात पिकवलेल्या माणसाचं नाव चारचौघांत आदरानं घेतलं जाण्याचा तो एकच प्रसंग असतो, आणि घरच्यांना त्याचं बरं वाटतं हे खोटं नाही. सार्वजनिक कामात आयुष्य घातलेल्याची शोकसभा व्हायलाच हवी. पण ती वेगळ्या दिवशी, संध्याकाळी, देवळात किंवा शाळेत, बसायला जागा असेल तिथे घ्यावी. स्मशानात फार तर एकानं दोन मिनिटं बोलावं, आणि तेही घरच्यांनी आदल्या दिवशी सांगितलेलं.

आता घरी येणाऱ्यांकडे वळू. सांत्वनाला आलेला माणूस सोप्यात बसला की पहिला प्रश्न ‘कसं झालं?’ हाच असतो. दिवसाला तीस-चाळीस माणसं येतात आणि तीच हकिकत तीस-चाळीस वेळा सांगावी लागते. म्हातारपणानं आलेलं मरण असेल तर सांगून सांगून मन हलकं होतं, त्यात वाईट काही नाही. अपघात असेल, आत्महत्या असेल, तान्हं मूल असेल तर तीच हकिकत दर वेळी नव्यानं भोगावी लागते. उपाय साधा आहे. भावकीतल्या एकानं बाहेर कट्ट्यावर बसायचं, येणाऱ्याला चार वाक्यांत काय झालं ते सांगायचं आणि ‘आत गेल्यावर विचारू नका’ असंही सांगायचं.

‘सोनं झालं’ हे वाक्य नव्वदीच्या आजीसाठी शोभतं, पण ते घरच्यांच्या तोंडून आधी यावं, पाहुण्याच्या नव्हे. दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाबद्दल ‘सुटला बिचारा’ म्हणताना समोरची बाई दोन वर्षं त्याचं सगळं करत होती आणि आता तिचे हात एकदम रिकामे झालेत, याचा विसर पडतो. मूल गेलेल्या आईला ‘दुसरं होईल’ म्हणणं हा तर अडाणीपणा आहे, मग म्हणणारा कितीही शिकलेला असो. आणि सगळ्यांत महाग पडणारं वाक्य चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या वाट्याला येतं: ‘आता तूच घरातला कर्ता, घट्ट हो.’ मुलगा त्या क्षणापासून रडणं बंद करतो. जूनमध्ये तो शाळेत जात नाही, गोव्याला हॉटेलात किंवा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एखाद्या वर्कशॉपमध्ये लागतो, आणि गाव म्हणतं, पोरगं गुणाचं आहे.

रडण्याबद्दलही आपल्याकडे दोन्ही टोकांचे हुकूम सुटतात. एकीकडून ‘रडू नको’, दुसरीकडून ‘रडत नाही, तिला रडवा, नाहीतर डोक्यात बसेल’. मग नवऱ्याचा शर्ट, फोटो पुढे धरून बाईला रडवलं जातं. न रडल्यानं काही डोक्यात बसत नाही. धक्क्यात पहिले काही दिवस बधिर होणारी माणसं असतात. त्यांना पाणी हवं, झोप हवी, शेजारी कुणी गप्प बसलेलं हवं.

मग बोलायचं काय? गेलेल्याचं नाव घ्यावं आणि त्यानं केलेली एक गोष्ट सांगावी. ‘मागच्या पावसाळ्यात आमचा बांध फुटला तेव्हा अण्णा पहाटे खोरं घेऊन आले होते,’ एवढं पुरे. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणू नये, कारण मागायचं ओझं त्यांच्यावरच पडतं आणि कुणी मागत नाही. ‘उद्या रात्रीची भाकरी-आमटी आमच्याकडून, आणि दोन्ही वेळचं दूधही’ असं नेमकं सांगावं. पंधरा मिनिटं बसावं, मोबाइल खिशात ठेवावा, चहाची वाट बघू नये. ज्यांना बोलणं जमत नाही त्यांच्यासाठी आपल्या गावांत जुनी सोय आहेच: भजनी मंडळ. रात्री टाळ-मृदंग घेऊन दारात बसलेल्या आठ-दहा माणसांना एकही वाक्य सुचावं लागत नाही, आणि घरातल्यांना उत्तर द्यावं लागत नाही. अशा मंडळांना तेरा दिवसांतल्या एकाच रात्री न बोलावता दर आठवड्याला एकदा, असं दोन महिने बोलवायला हवं. शेजारचे कन्नड घरवाले येऊन ‘समाधान माडकोरी’ (धीर धरा) म्हणतात तेव्हाही त्या घरात कुणाला भाषा आडवी येत नाही. भाषा आडवी येते ती कागदात. पण त्याआधी पहिल्या तासाचं बोलायला हवं.

पूर्वी ‘तार आली’ म्हटलं की घरात रडारड सुरू व्हायची. १५ जुलै २०१३ पासून तार बंद झाली आणि बातमी मोबाइलवर आली. पुण्याला, मुंबईला, गोव्याला असलेल्या मुलाला आपण हमखास खोटं सांगतो: ‘सिरियस आहेत, लगेच निघ.’ हेतू चांगला असतो. पण तो मुलगा स्वतः गाडी चालवत रात्रीचा घाट चढतो, दर अर्ध्या तासानं फोन करून ‘आता कसं आहे’ विचारतो, आणि दर वेळी कुणीतरी नवं खोटं बोलतं. वाटेत त्याला व्हॉट्सॲपच्या गावच्या ग्रुपवर हार घातलेला फोटो दिसतो. हे रोजचं झालंय. बातमी देताना आधी विचारावं: कुठं आहेस, सोबत कोण आहे, गाडी चालवतोयस का. चालवत असेल तर थांबायला सांगावं. मग स्पष्ट सांगावं, ‘बाबा वारले, अर्ध्या तासापूर्वी.’ ‘गेले’ हा शब्द फोनवर वापरू नये, ‘कुठं गेले?’ असा प्रश्न आला की सांगणाऱ्याचंच अवसान गळतं. नंतर गप्प राहावं. त्याच्यासोबत गाडी चालवणारा माणूस मिळेपर्यंत फोन ठेवू नये. आणि जवळच्या सगळ्यांना कळेपर्यंत ग्रुपवर काही टाकू नये, एवढा नियम तरी ग्रुपच्या ॲडमिननं पाळावा.

दवाखान्यातही हेच. वैद्यकीय शिक्षणात २०१९ पासून वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद हा अभ्यासक्रमाचा भाग झाला आहे. वाईट बातमी कशी द्यावी याच्या सहा पायऱ्या जगभर शिकवतात. निवांत जागी बसवा, नातेवाइकांना काय ठाऊक आहे ते विचारा, किती ऐकायचंय ते विचारा, सोप्या शब्दांत सांगा, भावना ओसरू द्या, मग पुढचं काय ते ठरवा. बेळगावच्या दवाखान्यांत चंदगड, खानापूर, गोकाक, सावंतवाडी अशा चारी दिशांचे पेशंट येतात. तिथे रात्री दोन वाजता जिन्याजवळ उभ्या उभ्या ‘कोलॅप्स झालेत’ म्हटलं जातं आणि म्हातारी ‘म्हंजे शुद्धीवर कधी येतील?’ विचारते. रात्रपाळीला मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारी एक परिचारिका किंवा समाजसेवक या कामासाठी नेमलेला असावा, ही मागणी कुठल्याही सीमावादात न अडकता करता येण्यासारखी आहे.

पहिल्या तासातली दुसरी चूक मायेपोटी होते. ‘फाडाफाडी नको, देह तसाच नेऊया’ म्हणणारा मामा किंवा काका प्रत्येक घरात असतो. रस्त्यावरचा अपघात, नदी-विहिरीत बुडणं, विषप्रयोग यांत पोलिसांत नोंद आणि पोस्टमार्टम झालं नाही तर पुढे विम्याची दारं बंद होतात. बँकेच्या पासबुकात मे-जूनच्या पानावर २० रुपये कापलेले दिसले तर ती पंतप्रधान सुरक्षा विमा योजना, अपघाती मृत्यूला दोन लाख. ४३६ रुपये कापले असतील तर जीवन ज्योती विमा, मृत्यू कशानंही झाला तरी दोन लाख. (नव्यानं घेतलेला असेल तर पहिले तीस दिवस अपघाताखेरीज मिळत नाही.) साप चावून किंवा झाडावरून पडून मृत्यू झाला तर सुरक्षा विम्याला लगेचची दवाखान्याची नोंद चालते, पण माणूस आधी मांत्रिकाकडे नेला, तिथेच गेला आणि परस्पर माती दिली, तर दाखवायला कागदच उरत नाही. खानापूरच्या जंगलपट्टीत हे नवीन नाही.

आत्महत्येत तर घरचेच ‘हार्ट अटॅक’ सांगतात. लाज, पोलिसांची भीती, मुलीचं लग्न, सगळं समजण्यासारखं आहे. पण कर्नाटकात शेतकरी आत्महत्येचं प्रकरण पात्र ठरलं तर वारसांना पाच लाखांची मदत आहे, आणि पोलिसांची नोंद, पोस्टमार्टमचा अहवाल, उतारा, कर्जाचे कागद पाहूनच ते ठरतं. त्या घरात सांत्वनाला गेलेल्या जाणत्या माणसानं हे पहिल्या दिवशी हळू आवाजात सांगितलं पाहिजे. सांगताना अवघड वाटतं, तरी सांगायचं.

आता कागद. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार मृत्यूची नोंद २१ दिवसांत विनाशुल्क होते. ३० दिवसांपर्यंत उशिराचा आकार भरून होते. त्यानंतर वर्षापर्यंत वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. तेराव्यापर्यंत कुणी हललं नाही तर हातात आठच दिवस उरतात. सीमाभागात आणखी एक मेख आहे. नोंद माणूस राहत होता तिथे होत नाही, मेला तिथे होते. खानापूरचा माणूस गोव्याच्या दवाखान्यात गेला तर नोंद गोव्यात, निपाणीचा कोल्हापुरात गेला तर महाराष्ट्रात, चंदगडचा बेळगावात गेला तर कर्नाटकात. चोर्ला घाटात ॲम्ब्युलन्समध्ये प्राण गेला तर गाडी पहिल्यांदा जिथे थांबेल तिथे. हे ठाऊक नसल्यामुळे लोक गावच्या पंचायतीत तीन-तीन फेऱ्या मारतात आणि मुदत निघून जाते.

कर्नाटकचा दाखला कन्नड आणि इंग्रजीत येतो. मराठी घरातल्या म्हाताऱ्या बाईला त्यातलं काही वाचता येत नाही. ती दाखला डोक्याला लावून ट्रंकेत ठेवते. सहा महिन्यांनी बँकेत कळतं की आधारवर ‘दत्तू’ आहे, उताऱ्यावर ‘दत्तात्रय’ आणि दाखल्यावर तिसरंच काही, आणि बापाचं नाव व आडनाव यांची अदलाबदल झाली आहे. दुरुस्तीला अर्ज, प्रतिज्ञापत्र, पुन्हा फेऱ्या. पंधरा टक्क्यांहून अधिक भाषिक अल्पसंख्याक असतील तिथे त्यांच्या भाषेत कागद द्यावेत हे तत्त्व जुनं आहे आणि त्यासाठीचा झगडा चालू राहावा. पण झगड्याचा निकाल लागेपर्यंत म्हातारीनं थांबायचं का? प्रत्येक मराठी गल्लीत कन्नड लिहिता-वाचता येणारी दहावी-बारावीची पोरं आहेत, शाळेत शिकलीत. त्यातल्या एकानं आधार, मतदार कार्ड, पासबुक आणि उतारा यांच्या झेरॉक्स समोर ठेवून, अर्ज देण्यापूर्वी आणि दाखला हातात पडल्याबरोबर, अक्षर अक्षर ताडून पाहणं हे स्मशानातल्या दहा भाषणांहून मोठं सांत्वन आहे. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच काढाव्यात. आणि मयताच्या एटीएमवरून ‘कार्याला लागतील’ म्हणून पैसे काढायला कुणी सुचवलं तर त्याला थांबवावं; भावाभावांतले निम्मे तंटे तिथून सुरू होतात. नॉमिनी असेल तर दाखला, ओळखपत्र आणि दाव्याचा अर्ज दिल्यापासून पंधरा दिवसांत बँकेनं निकाली काढायचं असतं.

तेरावा झाला की मंडपाचे खांब निघतात, पाहुण्यांच्या गाड्या निघतात आणि घरावर शांतता पडते. दुःखाचा जोर खरा तिथून चढतो. झोप नसते, गेलेल्याच्या चपलेचा आवाज ऐकू येतो, ताटं मोजताना एक जास्त मांडलं जातं. हे पहिल्या काही महिन्यांत स्वाभाविक आहे. त्याला ‘बाहेरचं लागलं’ म्हणून देवऋष्याकडे नेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात सहा महिन्यांनंतरही रोजचं जगणं ठप्प असेल तरच दीर्घकाळ लांबलेल्या शोकाचा विचार होतो. मरणाची भाषा कधीही निघाली तर मात्र एक दिवसही थांबू नये. १४४१६ हा टेली-मानसचा फुकट क्रमांक २०२२ पासून चालू आहे, वीस भाषांत आहे, सुरुवातीला भाषा निवडता येते.

दुःखाच्या पाच पायऱ्या असतात असं हल्ली कीर्तनातही ऐकू येतं. १९६९ साली ती मांडणी झाली ती मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांबद्दल, मागे राहिलेल्यांबद्दल नव्हे. विधवेनं कोणत्या महिन्यात कोणत्या पायरीवर असावं हे कुणी मोजू नये.

मग गावानं कधी जायचं? पहिला महिना, पहिली नागपंचमी, पहिली गणेश चतुर्थी, पहिली दिवाळी, मुलांचा वाढदिवस, आणि उतारा वारसांच्या नावे करायची वेळ. ज्या भागाला १९५६ चा १७ जानेवारी आणि १९८६ चा १ जून इतक्या वर्षांनीही न चुकता आठवतो, सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन करायला पहाटे उठून माणसं जातात, त्या भागाला तारखा लक्षात ठेवण्याचं शिक्षण वेगळं द्यावं लागत नाही. तीच सवय गल्लीतल्या एका घरासाठी एक वर्ष वापरायची आहे.

आणि एक जुनी गोष्ट, जिला सांत्वन म्हणायची कुणाची जीभ वळू नये. बाई कोसळलेली असताना चारजणी तिचे हात धरतात, दगडावर बांगड्या फोडतात, कुंकू पुसतात. मनगटातून रक्त येतं. करणाऱ्या बहुतेक जणी स्वतः कधीतरी त्यातून गेलेल्या. सीमेपलीकडच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये ठराव करून ही प्रथा बंद केली आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगणारं परिपत्रक काढलं. ते परिपत्रक कर्नाटकात लागू नाही. पण ठराव करायला परिपत्रक लागतं कुठं? १९९३ च्या पंचायत राज कायद्यानं इथेही वॉर्डसभा आणि ग्रामसभा आहेत. गटार आणि पथदिव्यांच्या जोडीला हाही विषय मांडता येतो.

ठराव कन्नड आणि मराठी दोन्हींत लिहावा, म्हणजे पीडीओंनाही (पंचायत विकास अधिकाऱ्यांनाही) सही करायला अडचण नाही आणि गल्लीलाही वाचता येतो. चार ओळी पुरेत: स्मशानात भाषणं नाहीत; बांगड्या, कुंकू यांना कुणी हात लावणार नाही; चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स तेराव्यानंतर राहणार नाही (बापाच्या उन्हानं विटलेल्या फोटोखालून पोरानं महिनाभर शाळेला जायचं, हे कुणाला सुचलं कोण जाणे); प्रत्येक वॉर्डातल्या दोघांची, एक बाई आणि एक कन्नड वाचणारा तरुण, अशी नावं फलकावर लावायची, ज्यांनी मृत्यूनंतर पाचव्या दिवशी कागदांसाठी, एकविसाव्या दिवसाच्या आत दाखल्यासाठी आणि नंतर वर्षभर सणावाराला त्या घरी जायचं.

पुढारी नाराज होतील, त्यांचं व्यासपीठ जाईल. त्यांनाही काम आहे. विधवा पेन्शनचा अर्ज नाडकचेरीत (तालुक्याखालच्या महसूल कचेरीत) अडकतो, वारसा नोंदीला सही मिळत नाही, विम्याचा दावा बँकेच्या टेबलावर पडून राहतो. पंचविसाव्या दिवशी त्या बाईला गाडीत घालून कचेरीत न्यावं आणि काम होईपर्यंत बाकावर तिच्याशेजारी बसावं. फोटो काढायचाच असेल तर तिथे काढावा.